वीजदराच्या सुनावणीत हरकत टिकवायची असेल तर : जाहीर सूचनेपासून आदेशापर्यंत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवले-सापडलेच्या शेजारी, अर्धं पान व्यापणारी बारीक टायपातली एक जाहीर सूचना येते. वीज कंपनीने नवे दर मागण्यासाठी विद्युत नियामक आयोगाकडे केलेल्या याचिकेची ती सूचना असते. वर प्रकरण क्रमांक, मध्ये कोष्टकं, खाली वीज कंपनीच्या मुख्य अभियंत्याचं नाव. आपल्या बिलात पुढे काय येणार ते तिथे छापलेलं असतं. त्यावर हरकत नोंदवायला साधारण तीन आठवडे मिळतात. त्यातले दोन आपण 'बघू रविवारी' म्हणत घालवतो.

माझी पहिली हरकत दोन पानांची होती. महागाई, शेतकऱ्यांचे हाल, कंपनीचा गलथान कारभार, सगळं तीत होतं आणि शेवटी ठळक अक्षरांत 'दरवाढ तात्काळ रद्द करावी'. आयोगाचा आदेश आला तेव्हा शोधलं. माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं म्हणणं मिळून एका वाक्यात बसवलं होतं : 'अनेक ग्राहकांनी दरवाढीस विरोध केला.' खाली कंपनीचं उत्तर, की याचिका विनियमांनुसार आहे. संपलं. त्याच आदेशात एका यंत्रमागवाल्याच्या हरकतीला मात्र आयोगाने पाऊण पान दिलं होतं. त्याने याचिकेतल्या एका तक्त्यातला एकच आकडा धरला होता. हा लेख त्या पाऊण पानाविषयी आहे.

आधी दार बरोबर आहे ना ते बघा

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवतो, कंपनीचा कोणता खर्च मान्य करायचा ते ठरवतो, ग्राहकांच्या वर्गवाऱ्या ठरवतो. तुमचं मागच्या महिन्याचं बिल चुकलं, मीटर न बघताच सरासरीवर आकारणी झाली, नवी जोडणी अडली, या तक्रारी दरसुनावणीत मांडून काही होत नाही. त्यासाठी कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

आणखी एक घोळ नेहमी होतो. घरगुती बिलावरचं १६ टक्के वीज शुल्क आयोगाच्या हातात नाही, ते राज्य सरकारचं आहे. शेतीपंपांची वीजबिल माफीही सरकारचीच. विद्युत कायद्याचं कलम ६५ सांगतं की सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम आगाऊ भरावी. सुनावणीत 'शुल्क कमी करा' म्हणणाऱ्याला आयोग शांतपणे ऐकून घेतो आणि पुढचं नाव पुकारतो. बिल हातात घ्या आणि ओळी वेगळ्या करा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज आपल्यापर्यंत पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (वीजखरेदीचा खर्च वर-खाली झाला की लागणारा) या चार ओळी आयोगाच्या अखत्यारीतल्या. तुमची हरकत या चारांत कुठेतरी बसली पाहिजे.

तुमचा हक्क कुठे लिहिलाय

विद्युत कायदा २००३, कलम ६४. कंपनीने दराचा अर्ज संक्षिप्त रूपात प्रसिद्ध करायचा. आयोगाने जनतेकडून आलेल्या सर्व सूचना आणि हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा, किंवा कारणं लिहून अर्ज फेटाळायचा. यातला 'विचारात घेऊन' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा, तुमचं सगळं बळ त्यात आहे. कलम ८६(३) आयोगाला कारभार पारदर्शक ठेवायला सांगतं.

हे हक्क फार जुने नाहीत. १९९३ साली वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला तेव्हा त्यातला दर लोकांपुढे ठेवून तपासणारी यंत्रणाच नव्हती. केंद्राचा नियामक आयोग कायदा १९९८चा आणि आपला आयोग ऑगस्ट १९९९चा. दाभोळची वीज महाग पडते हे सांगून मंडळाने २००१मध्ये ती घेणं थांबवलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दर ठरवताना ग्राहकांचं म्हणणं ऐकत बसायची गरज काय, हा प्रश्नही न्यायालयात गेला. पश्चिम बंगालच्या प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दरनिश्चितीत म्हणणं मांडण्याचा ग्राहकांचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

सूचना पकडणे

पेपरवर विसंबू नका, कारण ती नेमकी आपल्याकडे येत नसलेल्या पेपरात येते. आयोगाच्या संकेतस्थळावर ई-सार्वजनिक सल्लामसलतीचा वेगळा विभाग आहे. पंचवार्षिक दरनिश्चिती किंवा मध्यावधी आढाव्याच्या वर्षात डिसेंबरपासूनच तो अधूनमधून उघडून बघायची सवय लावा, कारण नवे दर शक्यतो १ एप्रिलपासून लागू व्हावेत असा बेत असतो. सध्याचा नियंत्रण कालावधी, म्हणजे ज्या वर्षांसाठी दर एकत्र आखले जातात तो काळ, २०२५-२६ ते २०२९-३० असा पाच वर्षांचा आहे.

सूचना मिळाली की चार गोष्टी कागदावर लिहून काढा : प्रकरण क्रमांक, हरकतीची शेवटची तारीख, तुमच्या विभागातल्या सुनावणीचं ठिकाण आणि वेळ, हरकत पाठवण्याची पद्धत. पद्धत शब्दशः पाळा. नाव, पोस्टाचा पत्ता, ई-मेल, संघटनेच्या वतीने लिहीत असाल तर तसं, आणि प्रत्यक्ष बोलायचं आहे की नाही, हे सगळं विचारलेलं असतं. 'बोलायचं आहे' असं जरूर लिहा. आयत्या वेळी कामात अडकलात तर कुणी पकडून नेत नाही. हरकतीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेली चालते.

मुंबईकरांनी आपली कंपनी कोणती ते आधी बघावं. महावितरण, बेस्ट, टाटा पॉवर, अदानी इलेक्ट्रिसिटी यांच्या याचिका वेगवेगळ्या, प्रकरण क्रमांक वेगळे. गोव्यात आयोगच वेगळा, गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त विद्युत नियामक आयोग. पण तोही याच कायद्याखाली चालतो, त्यामुळे कलम ६४ तिथेही लागू.

याचिका वाचणे (सगळी नाही)

मूळ याचिका शेकडो पानांची असते. ती पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत तर विसाव्या पानावर झोप आणि चाळिसाव्यावर नैराश्य येईल. आधी कार्यकारी सारांश घ्या, तो मराठीतही मिळतो. मग कंपनीने वर्षाला लागणाऱ्या महसुलाचा जो एकूण तक्ता दिलेला असतो तो शोधा. वीजखरेदी, पारेषण, देखभाल-दुरुस्ती, पगार, व्याज, घसारा, बुडीत कर्जाची तरतूद, भागभांडवलावरचा परतावा, अशा ओळी खालोखाल असतात. सर्वांत जाड आकडा वीजखरेदीचा. घरखर्चाचा हिशेब बघतो तसंच बघायचं : मागच्या वर्षी किती, या वर्षी किती मागितलेत, आणि मागच्या वेळी आयोगाने मान्य किती केले होते. जिथे तिसरा आकडा पहिल्या दोघांपासून फार लांब आहे तिथे बोट ठेवा.

टक्क्यांपासून मात्र सावध राहा. २०२३च्या मध्यावधी आढाव्यात महावितरणने पहिल्या वर्षी सुमारे १४ आणि दुसऱ्या वर्षी ११ टक्के वाढ मागितल्याचं सांगितलं. त्याच प्रस्तावाला ग्राहक संघटना ३७ टक्के म्हणत होत्या. कुणी खोटं बोलत नव्हतं. चालू दरात इंधन समायोजन आकार धरून तुलना केली तर वाढ लहान दिसते, तो बाजूला ठेवून दोन्ही वर्षं एकत्र केली तर मोठी. म्हणून टक्केवारी सोडा. तुमच्या वर्गवारीचा, तुमच्या वापराच्या टप्प्याचा आजचा पूर्ण दर रुपये-पैशांत लिहा आणि शेजारी प्रस्तावित दर लिहा. घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यावर. स्थिर आकार विसरू नका. वाढीचा काही भाग तिथे गुपचूप बसलेला असतो, आणि महिनाभर घर बंद ठेवलं तरी तो चुकत नाही.

एक आकडा धरणे

इथे सर्वांत जास्त वेळ घाला. नवख्या माणसाला पेलवतील असे दोन आकडे सांगतो.

पहिला वितरण हानीचा, म्हणजे गळतीचा. सोपं गणित करू. कंपनीने १०० युनिट ५ रुपयांनी विकत घेतले, खर्च ५०० रुपये. १५ युनिट वाटेत गेले तर उरलेल्या ८५ युनिटांवर हा खर्च पडतो, युनिटमागे ५ रुपये ८८ पैसे. १६ गेले तर ८४ युनिटांवर, म्हणजे ५ रुपये ९५ पैसे. गळती एक टक्क्याने वाढली की सात पैसे. महिना ३०० युनिटवाल्या घराला २१ रुपये. हे काल्पनिक आकडे आहेत, पण कृती खरी आहे; याचिकेतले आकडे घालून तीच करायची. आयोगाने मागच्या आदेशात गळती कमी करण्याचं जे लक्ष्य दिलं होतं ते गाठलं का, नसेल तर त्याचा भार ग्राहकावर का, हा प्रश्न आयोगाला टाळता येत नाही, कारण लक्ष्य त्यानेच घालून दिलेलं असतं.

दुसरा आकडा शेतीपंपांच्या वापराचा. यात महाराष्ट्राची खरी मेख आहे. खूप पंपांना मीटर नाहीत, अश्वशक्तीवर आकारणी होते. मग त्यांनी वीज किती वापरली? अंदाज. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॅट, आठ तास पूर्ण भारावर चालला तर दिवसाला जवळपास ३० युनिट. वर्षात २०० दिवस चालला असं धरलं तर ६,००० युनिट, १०० दिवस धरलं तर ३,०००. मधले तीन हजार गेले कुठे? शेतकऱ्याने वापरले असं दाखवलं की ती विक्री ठरते. नाही वापरले म्हटलं की ती गळती किंवा चोरी ठरते. गळती शेतीवापराच्या नावाखाली लपली की शेतकरी उगाच बदनाम होतो आणि शहरातला ग्राहक त्याच्याकडे रागाने बघत बसतो. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षं हेच मांडत आली, पुण्याच्या प्रयास या संस्थेच्या ऊर्जा गटानेही यावर बारकाईने काम केलं. आयोगाला अखेर शेतीवापराच्या अभ्यासासाठी कार्यगट नेमावा लागला आणि ३० मार्च २०२०च्या आदेशात शेतीपंपांची वीजविक्री कंपनीने सांगितली तशी धरली गेली नाही. एका सुनावणीत हे झालेलं नाही, हेही सांगून ठेवतो.

तुमच्या गावात तुम्हाला काय करता येईल? शेतीच्या वाहिनीला (फीडरला) आठवड्याला खरोखर किती तास वीज येते याची वही ठेवा. तारीख, आली किती वाजता, गेली किती वाजता. तीन महिन्यांची अशी साधी वही, शेजारच्या चार शेतकऱ्यांच्या सह्यांसह, ही मुंबईत बसून कुणालाही तयार करता न येणारी गोष्ट आहे. मोठ्या संस्थांकडे विश्लेषण असतं, ही वही नसते.

छोटे व्यावसायिक असाल तर वर्गवारी बघा. पिठाची गिरणी, दूध शीतकरण, अभ्यासिका, सोसायटीचा पाण्याचा पंप, कोण कुठल्या वर्गात येतं ते आदेशाच्या शेवटी दर-अनुसूचीत लिहिलेलं असतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी बिल बरंच बदलतं, आणि हा बदल मागायची जागा दरसुनावणीच आहे.

हरकत लिहिणे

एक पान, फार तर दीड. साचा असा :

"प्रकरण क्रमांक … . मी … उपविभागातील घरगुती ग्राहक आहे. हरकत १ : याचिकेतील पान … , तक्ता … मध्ये वर्ष … ची वितरण हानी … टक्के दाखवली आहे. आयोगाच्या दिनांक … च्या आदेशातील परिच्छेद … मध्ये लक्ष्य … टक्के होते. फरकाचा अंदाजे … कोटींचा भार ग्राहकांवर टाकू नये. विनंती : हानी लक्ष्याइतकीच धरून खर्च मान्य करावा. हरकत २ : … वाहिनीवरील पुरवठ्याच्या तासांची नोंद सोबत जोडली आहे. विनंती : याच काळातील उपकेंद्राची नोंदवही कंपनीने सादर करावी. मला प्रत्यक्ष सुनावणीत बोलायचे आहे."

पान, तक्ता, आकडा, विनंती. प्रत्येक हरकतीला स्वतंत्र क्रमांक द्या, म्हणजे कंपनीला क्रमाने उत्तर द्यावं लागतं. एकाच लांब परिच्छेदात सहा मुद्दे घातले तर ती सोयीच्या दोघांना उत्तर देते. 'विनंती' या शब्दाने सुरू होणारी ओळ सोडू नका. आयोगापुढे नुसतं दुःख मांडलं तर त्याला करण्यासारखं काही उरत नाही.

एकाच मजकुराच्या दोनशे छापील प्रती देण्याची आपल्याकडे हौस आहे. आदेशात त्या एकच हरकत म्हणून मोजल्या गेल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळे आकडे धरावेत. पाठवल्याची पोच जपून ठेवा आणि कंपनीचं लेखी उत्तर आलं की ते सुनावणीला घेऊन जा. बरेचदा ते उत्तर तुमच्या प्रश्नाच्या शेजारून जातं, आणि बोलण्याचा तुमचा मुद्दा तिथेच तयार होतो.

सुनावणीच्या दिवशी

महावितरणच्या याचिकेची सुनावणी विभागवार होते : नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. बहुधा विभागीय आयुक्त कार्यालयाच्या सभागृहात. दारात नोंदवही असते. व्यासपीठावर अध्यक्ष आणि सदस्य, एका बाजूला कंपनीचे अधिकारी फायलींच्या गठ्ठ्यांसह. आधी कंपनीचं सादरीकरण, मग एकेक नाव.

सकाळी सभागृह भरलेलं असतं. घोषणा होतात, कुणी कंदील घेऊन येतो, छायाचित्रकार पुढे सरसावतात. जेवणाच्या सुट्टीनंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. माझा अनुभव असा की आयोग नीट ऐकतो तो दुपारीच. त्या रिकाम्या सभागृहात एका कांदा उत्पादकाने अशीच वही उघडून वाचायला सुरुवात केली होती : "सोमवारी रात्री १२ ते पहाटे ४. मंगळवारी आलीच नाही. बुधवारी आली, पण दाब इतका कमी की मोटार उचलेना." चौथ्या ओळीला एका सदस्याने मान वर केली आणि अधिकाऱ्यांना विचारलं, "या वाहिनीची नोंद तुमच्याकडे आहे?" अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. नोंद सादर करू, असं त्यांना तिथे कबूल करावं लागलं.

पाचेक मिनिटं मिळतात. लेखी हरकत वाचून दाखवू नका, ती त्यांच्यापुढे आहे. नाव, प्रकरणातला तुमचा मुद्दा, पान क्रमांक, कंपनीच्या उत्तरात काय राहिलं, विनंती. मराठीत बोला. एखादा मुद्दा तिथेच सुचला तर जागेवरच विचारा की लेखी पुरवणी कधीपर्यंत देता येईल.

कलम ९४(३) खाली आयोग काही संस्थांना ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमतो. प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत यांनी हे काम केलेलं आहे. जाहीर सूचनेच्या आधी जी तांत्रिक पडताळणीची बैठक होते तिथे हे प्रतिनिधी असतात. तुमच्याकडे वही असेल आणि आकडेमोड झेपत नसेल तर त्यांना आधीच गाठा.

आदेश आल्यावर

आदेश संकेतस्थळावर येतो तेव्हा पेपर मथळे वाटतात, आपण परिशिष्ट उघडायचं. हरकतदारांच्या यादीत आपलं नाव आहे का? मग मधला भाग : हरकतीचा सारांश, कंपनीचं उत्तर, आयोगाचा निर्णय. २०२५च्या सुनावण्यांत छतावर सौर पॅनेल लावलेल्या घरमालकांनी अशीच रांग लावली होती. दिवसा तयार झालेली वीज संध्याकाळच्या वापरातून वजा होऊ न देणारी वेळेनुसार आकारणी त्यांना नको होती. घरगुती ग्राहकांपुरतं त्यांचं म्हणणं आयोगाने उचलून धरलं.

पण आदेश आला म्हणून गाफील राहू नका. २८ मार्च २०२५चा महावितरणचा दर-आदेश काही दिवसांतच स्थगित झाला, कंपनीच्या पुनर्विलोकन (फेरविचार) याचिकेवर २५ जूनला नवा आदेश आला आणि १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. या दुसऱ्या फेरीत आम्हाला ऐकलंच नाही, ही ग्राहकांची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. तेव्हा आदेशानंतरचे दोन-तीन महिने त्याच प्रकरणावर नवं काही दाखल होतंय का, यावर डोळा ठेवा, आणि झालं तर 'मी मूळ प्रकरणातला हरकतदार आहे, मला ऐकावं' असं एका ओळीचं पत्र लगेच द्या.

अपील करायचं असेल तर दिल्लीतलं विद्युत अपिलीय न्यायाधिकरण, कलम १११, मुदत ४५ दिवस. तिथून सर्वोच्च न्यायालय, कलम १२५, ६० दिवस. इथे मात्र वकील आणि पैसा लागतो, एकट्याने जाऊ नका. अपील करणार नसलात तरी आयोगाने कंपनीला दिलेल्या निर्देशांचा भाग काढा : अमुक अहवाल सहा महिन्यांत द्या, तमुक वाहिन्यांना मीटर लावा. त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा. मुदत उलटली की माहितीच्या अधिकारात विचारायचं, अहवाल दिला का.

फायलीच्या पहिल्या पानावर मी प्रकरण क्रमांक आणि माझ्या हरकतीला ज्या परिच्छेदात उत्तर आलं त्याचा क्रमांक लाल शाईने लिहून ठेवतो. पुढची याचिका आली की हरकत १ तिथून सुरू होते.